सईचा व्हिडिओ आणि आण्णांचा टीव्ही

शिराळ्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आण्णांनी, माझ्या वडिलांनी, बॅग स्वतः वर चढवली. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, रडणंबिडणं त्यांच्यात बसत नाही. "जिथं ऱ्हाशील तिथली वर्दी घालायची, पोरी," एवढंच म्हणाले आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवून चालायला लागले. आईनं मात्र कंडक्टर ओरडेपर्यंत खिडकीतून माझा हात सोडला नाही.

मी वर्दी घातली. जर्मनीतली नोकरी, बर्फातले बूट, कामासाठी ॲपलचा मॅक कॉम्प्युटर, रविवारी शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून घरात दबकत चालणं. माझी लेक सई इथंच झाली. आता ती पळते, पण आण्णांनी तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही.

कारण मी निघू शकत नाही. नोकरी बदलल्यापासून राहण्याच्या परवान्याचे कागद अडकलेत. ते हातात यायच्या आधी देश सोडला तर परत आत घेतीलच असं नाही, असं वकिलाचं म्हणणं. दार उघडं आहे, फक्त बाहेर पाऊल टाकायचं नाही. गावाकडं तुम्हाला वाटतं, पोरगी परदेशात मोकळी आहे. माझ्यासारखे जे इकडं आलेत, त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

त्यातच आण्णांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपा, असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. फोनवरची सई त्यांना दिसेनाशी झाली. "माशीएवढी दिसती गं," म्हणायचे. घरात मोठा टीव्ही आहे, पण जुना, नेट न लागणारा. त्याच्यावर सई दाखवायची, नजर आहे तोवर. एवढं एकच मला हवं होतं.

एक हार्ड डिस्क घेतली, मॅकला लावली, मॅकनं सुचवलं त्याच पद्धतीनं फॉरमॅट केली आणि सगळे व्हिडिओ भरले. सांगलीतल्या विश्रामबागच्या एका मैत्रिणीचे सासरे इथून परत निघाले होते, त्यांच्याबरोबर ती पाठवली. आण्णा एसटीनं सांगलीला जाऊन घेऊन आले. आईनं नव्या वस्तूला हळदकुंकू वाहिलं. टीव्हीनं काही तिला ओळख दाखवली नाही, म्हणून आण्णांनी ती घरात पडून असलेल्या माझ्या भावाच्या जुन्या विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली.

आता मॅकच्या पद्धतीनं भरलेली डिस्क विंडोजला वाचताच येत नाही. तो सरळ विचारतो, फॉरमॅट करू का? आणि फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं साफ. दुसऱ्या कुणी फोन करून विचारलं असतं. आण्णांनी आईकडून अक्षरं वाचून घेतली आणि होकार दिला.

"आवं आण्णा, न्हाई म्हणायचं व्हतं!" मी फोनवर ओरडले.

"मशीननं परवानगी मागितली, म्या दिली. अर्धवट काम आपल्याला जमत न्हाई."

मी फोन ठेवून रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. व्हिडिओ माझ्याकडं होतेच. गेला तो वेळ. गावाकडं जाणारं माणूस रोज थोडंच मिळतं!

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले. टीव्हीचं मॉडेल कळावं म्हणून त्याच्या पाठीमागचा फोटो आईकडून मागवला. हार्ड डिस्क फिरवायला त्या टीव्हीची ताकद पुरेल याची खात्री नव्हती, म्हणून पेनड्राइव्ह घेतला. मॅक आणि विंडोज दोघांनाही लिहिता-वाचता येते अशी फॉरमॅटची पद्धत म्हणजे एक्सफॅट. पण इतका जुना टीव्ही तीही मानत नाही, त्याला त्याहून जुनी, फॅट थर्टीटू नावाची पद्धत लागते. त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मग सईचा लांबलचक व्हिडिओ कापून तुकडे केले. बर्फात पडली तो एक तुकडा, उठली तो दुसरा. आण्णांची वर्दी आता मी त्या पेनड्राइव्हला घालत होते. या खोलीत बसून मला एवढंच करता येत होतं.

या वेळी जाणारं माणूस मिळायला हिवाळा संपला.

परवा दुपारी आईचा फोन आला. "आगं, लागलं! सई आली बघ टीव्हीवर!" मागून सईचं खिदळणं मला माझ्याच घरातून ऐकू आलं. आईनं फोन आण्णांकडं दिला.

"दिसली व्हय आण्णा?"

"दिसली की! लय गोड हाय. लाल झबल्यात लय शोभती."

व्हिडिओ सगळा बर्फातला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सई गळ्यापर्यंत चेन ओढलेल्या पिवळ्या जाकिटात. लाल असं त्यात काहीच नाही. पलीकडं आईनं त्यांना टोकलं नाही, तेव्हा मला कळलं की तिला हे कधीचंच ठाऊक आहे, आणि नजर होती तोवर मी सईला पोहोचवू शकले नाही.

"व्हय आण्णा," मी म्हटलं, "लालच हाय."

"मग!" म्हणाले, आणि आईला सांगितलं, "आवाज मोठा कर की जरा."

घर म्हणजे काय, हे मला आता कुणी विचारू नये. आण्णा टीव्हीकडं तोंड करून बसलेत आणि आई त्यांना सांगत नाहीये की जाकीट पिवळं आहे, तिथं माझं घर आहे. मी इथं फोन कानाला लावून बसले होते आणि सगळे तुकडे संपेपर्यंत आम्ही कुणीच फोन ठेवला नाही.