चुनखडीचा थर हातचा गेला

“थांबव,” मी इयनला फोनवर म्हणालो. “बिटचा वेग अचानक वाढलाय. एकदा सर्क्युलेट करून बघू.”

“दहा मीटर दे मला. इतकं छान चाललंय, कशाला मोडता घालतोस?”

लंडनजवळच्या सरेमधल्या एका शेतात तेलविहीर खोदणारी आमची रिग उभी होती. इयन ड्रिलिंग सुपरवायझर, मी जिऑलॉजिस्ट. खाली शेल होता, म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला पापुद्र्यांचा खडक. त्यात तेल असते, पण तो ते सहज सोडत नाही. आमची मदार शेलमधल्या चुनखडीच्या एका पातळ थरावर होती. तो लागताच थांबायचे आणि त्याचा अखंड दंडगोल कापून वर आणायचा. त्याला कोअर म्हणतात. तेल वाहील का, हे त्यावरून ठरणार होते. पुढच्या विहिरी खोदायच्या की नाहीत, हेही.

अडचण अशी, की खाली कापलेला खडक लगेच दिसत नाही. पाइपातून सोडलेला पातळ चिखल त्याचा चुरा वर आणतो. त्याला तासाहून जास्त वेळ लागतो. तोवर खडक कापणारे टोक, म्हणजे बिट, पुढे गेलेले असते. म्हणून वेग बदलला, म्हणजे खडक बदलल्याची शक्यता दिसली, की कापणे थांबवून नुसता चिखल फिरवायचा आणि चुऱ्याची वाट पाहायची. हेच सर्क्युलेट करणे.

इयनला हे माझ्याइतकेच ठाऊक होते. पण स्थानिक कौन्सिलची खोदायची परवानगी महिनाअखेर संपत होती. आजवरची सगळी नोकरी त्याने नॉर्थ सीमधल्या समुद्री रिगवर केली होती, घरापासून आठवडेच्या आठवडे लांब. ही पहिली रिग, जिथून तो मुलीला शाळेतून आणायला जाऊ शकत होता. विहीर यशस्वी झाली, तर तो इथेच राहणार होता.

कॅन्टीनमधल्या रेडिओवर कच्च्या तेलाचे भाव उतरल्याची बातमी होती. त्यानंतर मंत्रिमहोदय ऊर्जासुरक्षेवर बोलले. गेटबाहेर विहिरीला विरोध करणारे निदर्शक फोल्डिंग खुर्च्या टाकून बसले होते. त्यांतल्या एक बाई इयनच्या मुलीच्या शिक्षिका. तो रोज त्यांना गुड मॉर्निंग म्हणायचा.

चुरा तपासणारा मिलिंद कांबळे लीड्सचा.

“काय साहेब, लंडन खूश आहे. क्लेअरचा मेसेज आलाय, ग्रेट प्रोग्रेस!”

“चुऱ्यात काय दिसतंय?”

“शेल. काळा आणि कंटाळवाणा.”

“तो तासापूर्वीचा झाला.”

“मग आत्ताचा कुठून आणू? खाली उतरू का?”

मी लंडन ऑफिसला, क्लेअरला फोन लावला. ती आमची बॉस.

“अंदाजानुसार तो थर अजून वीस मीटर खाली आहे,” ती म्हणाली.

“अंदाजच आहे तो.”

“आतापर्यंत बरोबर आलाय. रिगवर निर्णय इयनचा. त्याला काम करू दे.”

पुढच्या चाळणीत पांढरे तुकडे आले. मिलिंदने ट्रे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला. तुकडे पिवळे उजळले. तेल होते. मी इयनला फोन केला. त्याने बिट थांबवले आणि केबिनमध्ये आला.

“किती गेला?”

“पूर्ण थर. आपण त्याच्याही खाली आलोय.”

तो खुर्चीत बसला. “म्हणजे मीच कापून टाकला,” एवढेच म्हणाला.

नंतर विहिरीत मोजयंत्रे सोडली. तेल आहे, हे त्यांनीही सांगितले. ते वाहील का, याची खात्री मिळाली नाही. बाजूने नवी वाट काढून कोअर घेता आला असता, पण कौन्सिलने मुदत वाढवली नाही. गुंतवणूकदारांनी पुढच्या विहिरी रद्द केल्या. आम्ही विहिरीत सिमेंट भरले, वरचा पाइप जमिनीखाली कापला आणि माती टाकली. शेत शेतकऱ्याला परत दिले.

इयन पुन्हा नॉर्थ सीवर गेला. परवा मी त्याच्या घरी फोन केला, तर मुलीने उचलला. बाबा तीन आठवड्यांनी येतील, म्हणाली.

आता मी थांबायची खोली अंदाजाच्या बरीच वर धरतो आणि काम सुरू होण्याआधीच सुपरवायझरकडून ती कबूल करून घेतो. त्यात वेळ जातो. लंडनला ते आवडत नाही.