पटावरची हाक

“मालगुजारसाहेबांची जोडी, हरण्या आणि मोगऱ्या! हाकणारा, धेड्या!”

पत्र्याच्या भोंग्यातून असं निघालं आणि अख्खा पट हसला. सालेकशाकडचं गाव. धान कापून झालं की आमच्याकडे शंकरपट भरतो, बैलांच्या शर्यती. चार-चार कोसांवरून माणसं येतात. मी मालगुजाराचा सालदार होतो. त्याचे बैल मीच चारायचो, मीच धुवायचो, पटात मीच हाकायचो. तर बैलांना नावं. त्याला साहेब. आणि मला जातीची शिवी.

भोंगा असायचा शाळेच्या गुरुजींच्या हातात. मचाणावर उभे राहून ते जोड्या पुकारायचे, कोण पुढे गेलं, कोण मागे पडलं ते सांगायचे, मधेच चावट काहीतरी बोलून लोकांना हसवायचे. लोक बैलांइतकेच त्यांना ऐकायला यायचे. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही. हजेरीत त्यांनीच लिहिलं होतं. दोन वर्षं शाळेच्या ओसरीवर बसवून रोज तेच नाव पुकारलं होतं. बाकीच्या हाकणाऱ्यांना पटावर नावं होती. कुणब्याच्या पोराला होतं, पोवाराच्या पोराला होतं. माझ्यापाशी आले की गुरुजी नाव विसरायचे.

पहिल्या वर्षी मान खाली घातली आणि छकडा सोडला. जोडी पहिली आली. पागोटं मालगुजाराच्या डोक्यावर, गुलाल बैलांच्या पाठीवर. मला पाणी मिळालं, तेही वरून, ओंजळीत.

दुसऱ्या वर्षी परत जिंकलो. तिसऱ्या वर्षी जोडी दिसताच लोकच ओरडायला लागले, “धेड्या! चाल रे धेड्या!” टोप्या उडाल्या. गुरुजी भोंग्यातून म्हणाले, “शाब्बास धेड्या, पट मारलास!” आणि मी काय केलं? हसलो. हात वर केला. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. आज सांगताना स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं, पण खोटं कशाला बोलू. शिवी गोड लागली मला.

माझी लेक तेव्हा चार वर्षांची. दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातली पोरं अंगणात पट-पट खेळत होती. दोन काटक्या म्हणजे बैल. एका पोरानं तोंडाला मूठ लावून भोंगा केला न् विचारलं, “हाकनारा कोन?”

लेक छाती काढून ओरडली, “धेड्याची पोरगी!”

मी दारातच होतो. मला पाहून धावत आली. “बाबा, मी जिंकली तं मलेबी धेडी म्हनतीन का?”

तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही. तिला वाटलं, बापाला मिळालेली ती मोठी पदवी आहे. तिला हे शिकवलं कोणी? मीच, दात काढून, हात वर करून. तिची माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “आता सांगा तिले, त्या शब्दाचा अर्थ काय हाय.” मला नाही सांगता आलं. लेक वाट पाहून परत खेळायला गेली.

वर्षभर ते माझ्या डोक्यात कुरतडत राहिलं. बैलांना पाणी दाखवताना, धानाच्या बांधीत, शेतात, चिखल करताना, सदानकदा तेच.

चौथ्या वर्षी पट भरला. भोंगा वाजला, “हरण्या आणि मोगऱ्या! हाकणारा, आपला लाडका धेड्या!” लोकांनी आरोळी ठोकली. मी छकड्यावर बसलोच नाही. कासरा हातात धरून उभा राहिलो.

मालगुजार धावत आला. “क्या हुआ बे? बसत काऊन नाही?”

“मले नावानं हाक मारा म्हना. मंग बसतो.”

आधी हसू पसरलं. मग गुरुजी मचाणावरून उतरले, माझ्यापाशी आले. समजावणीच्या सुरात म्हणाले, “अरे, लोक प्रेमानं म्हणतात. आता ती शिवी राहिली आहे का? धेड्या म्हणजे पट मारणारा, असाच अर्थ झालाय तिचा.”

मी म्हणालो, “तुमचा पोरगा परीक्षेत पयला आला ना, गुरुजी? त्यालेबी धेड्या म्हना.”

काय झालं त्यांच्या तोंडाचं! लाल, मग पांढरं. मालगुजाराच्या हातची तुतारी, बैलांना टोचायची, माझ्या पाठीत बसली. दुसरी कानाखाली. छकड्यावर दुसऱ्या माणसाला बसवलं. हरण्या-मोगऱ्यानं त्याचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. आडवे पळाले न् बांधीत घुसले. झालं! तेच लोक, तीच तोंडं, तोच शब्द. “मारा धेड्याले! माजला धेड्या!” गुरुजी परत मचाणावर चढले होते. तेही भोंग्यातून तेच म्हणत होते, फक्त लाडका म्हणत नव्हते.

मार खाऊन जमिनीवर पडल्या-पडल्या मला कळलं. त्या शब्दाचा अर्थ कधी बदललाच नव्हता. मी त्यांच्यासाठी जिंकत होतो, म्हणून त्यांनी वरून गूळ लावला होता. मी वाकलो नाही, तर एका घडीत गूळ गळून गेला.

सालदारी त्याच दिवशी गेली. पोटावर पाय आला. दरेकशाच्या जंगलात बायकोसंगं तेंदूची पानं तोडली, मोहफुलं वेचली, रेल्वेच्या रुळाखाली गिट्टी टाकली. त्याआधी मात्र लेकीला मांडीवर बसवून त्या शब्दाचा अर्थ सांगितला. खूप रडली. मी रडू दिलं.

पुढच्या वर्षी पट तोंडावर आला तेव्हा मालगुजाराचा माणूस आला. हरण्या-मोगऱ्या कोणाच्या हाती येत नव्हते. माणूस म्हणाला, “चाल, साहेबानं बोलावलं. गुरुजी तुले नावानं पुकारतीन.”

मी विचारलं, “आन् आमच्या मोहल्ल्यातल्या बाकीच्याईले?”

“ते कायले? ते का पट मारतेत? तू जिंकतोस म्हनून तुले नाव.”

मी म्हणालो, “मंग सांग जा त्याईले. आमचा जो मानूस हरला, जो पडला, ज्याचे बैल बांधीत घुसले, त्याले जवा भोंग्यातून नावानं हाक मारान, तवा मी कासरा धरीन. जिंकल्यावर भेटते थे नाव मले नाही पायजे.”

तो गेला. तसा निरोप अजून आलेला नाही. पट दर वर्षी भरतो, भोंगा माझ्या घरापर्यंत ऐकू येतो. मी जात नाही. माझ्या मोहल्ल्यातलं कोणी जात नाही.