पुसलेल्या नावाचं पदक

आमच्या मामाने उभ्या आयुष्यात साधा डासही धड मारला नाही, पण गल्लीत त्याला सगळे 'जनरल' म्हणायचे. धंद्याने तो घड्याळजी. चिंचोळ्या दुकानात, काचेच्या कपाटामागे, उजव्या डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेला असायचा. भिंतींवर चाळीसेक घड्याळं, आणि त्यातल्या कुठल्याही दोघांचं एकमत नाही. तिथे तासभर बसलं की सकाळ आहे की दुपार हेच कळेनासं व्हायचं. मला ते फार आवडायचं.

मागच्या खोलीत उथळ खणांचं एक कपाट होतं आणि खणांत पदकं. सेनापतींची नव्हेत, साध्या शिपायांची. जुन्या काळी दूरच्या मोहिमेवर जो जो गेला त्याला ते चांदीचं पदक मिळायचं, मग तो लढलेला असो नाहीतर खेचरांना चारा घालून आलेला असो. पुढच्या बाजूवर सगळ्यांच्या तोच घोडेस्वार. पण कडेवर, नाण्याच्या जाडीएवढ्या जागेत, बारीक अक्षरांत ज्याचं त्याचं नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली. मामा पुढच्या बाजूकडे बघायचासुद्धा नाही. "घोडेस्वाराचं कौतुक कुणाला? माणूस कडेला असतो," म्हणायचा.

एकदा नाव वाचलं की त्या माणसाचा पिच्छा सुरू. लष्कराच्या दफ्तरखान्यात, गावोगावच्या जन्ममृत्यूच्या कचेऱ्यांत, स्मशानांच्या रखवालदारांना पत्रं जायची. मामाचं अक्षर त्याच्या स्क्रूंएवढं बारीक, म्हणून ती पत्रं मी टाइप करून द्यायचे. वैताग यायचा मला, खोटं कशाला सांगू? मेलेल्या माणसांची एवढी उठाठेव कशाला, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचे. मामी तर रोज म्हणायची, "माझा वाढदिवस विचारा, डोकं खाजवतील. पण कुठल्या तोफखान्यातल्या कुणाला गालगुंड कधी झालं, ते तारखेसकट पाठ!"

पण दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मामा एखादं पदक तळहातावर घेऊन डोळे मिटायचा आणि हळू आवाजात सांगायला लागायचा. आता हा नदी उतरतोय. पाणी कमरेएवढं आहे, बूट गळ्यात बांधलेत. पुढच्याची पाठ तेवढी दिसतेय धुक्यात. सगळं त्याने कागदपत्रांतूनच गोळा केलेलं असायचं, पण घड्याळांच्या टिकटिकीत ते चालत जाणाऱ्या माणसांसारखं ऐकू यायचं. माझा टाइप करायचा हात थांबायचा. एकदा तर मी उठून पावलं कोरडी आहेत ना ते बघितलं. वेड लागायचंच बाकी होतं मला तिथे, आणि मी दर रविवारी जात होते.

मामाचा एकच नियम होता: पदक घासायचं नाही. काळं पडलं तर काळं राहू द्यायचं. कुणी पदक लखलखीत करून आणलं की मामाच्या कपाळाची शीर उठायची. आणि जुनं नाव खरवडून नवं कोरलेलं पदक पाहिलं की "ही माणूसचोरी आहे" म्हणून तो जेवायचासुद्धा नाही.

सगळ्यात खालच्या खणात मात्र एक पदक आरशासारखं चकचकीत होतं. ते मामाचं पहिलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या भंगाराच्या ढिगात त्याला ते सापडलं तेव्हा तो विशीतला होता, नुकता कामाला लागलेला. घड्याळाच्या डब्या उजळायचं चाक समोर फिरतच होतं. हौसेने त्याने पदक चाकावर धरलं आणि पुढून, मागून, कडेने साफ केलं. कडेवर काही लिहिलेलं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी कळलं, तेव्हा कडेवर बोट फिरवून बघितलं. अंड्यासारखी गुळगुळीत.

"मी एका माणसाला पुसून टाकलं," हे त्याने मला एकदाच सांगितलं. त्यानंतर त्याने जी दीडशे पदकं जमवली, जी हजारभर पत्रं लिहिली, ती सगळी या एका माणसापायी होती. त्याचं नाव त्याला परत मिळाल्याशिवाय मामाला डोळे मिटायचे नव्हते.

हाताशी धागा एकच. पदकाच्या फितीवर तीन लढायांची नावं कोरलेल्या तीन पट्ट्या होत्या. नेमक्या याच तीन लढायांत असलेले शिपाई दफ्तरातल्या यादीत एक्केचाळीस निघाले. मग मामा एकेकाला गाळत बसला. याचं पदक पणतूकडे आहे, त्याचं संग्रहालयात, हा तर बोटीवरच वारला आणि पदक समुद्रात गेलं. चाळीस वर्षं गेली. मामाचे केस गेले, माझे पांढरे व्हायला लागले. शेवटी दोन नावं उरली.

दोघांच्याही घरी मी पत्रं टाइप करून पाठवली. एक 'असा पत्ता नाही' म्हणून परत आलं. दुसऱ्याचं उत्तर त्या शिपायाच्या मुलीने स्वतःच आणलं. एका दुपारी दुकानात आली. पंच्याऐंशीची बाई, काठी टेकत, पण आवाज खणखणीत.

मामाने तिला स्टुलावर बसवलं आणि चहा यायच्या आत सगळं कबूल करून टाकलं. पदक तिच्या हातात देत म्हणाला, "आजी, नाव मीच पुसलंय. तुमच्या वडिलांचं असेल, नाहीतर दुसऱ्या एकाचं. खात्री नाही, आणि खात्रीशिवाय मी नाव सांगणार नाही."

एवढा खरेपणा करायची काही गरज होती का? मला तर त्याचा रागच आला. म्हातारी एवढ्या लांबून आली होती.

तिने पदक उलटसुलट करून बघितलं. "हे नव्हे. आमचं असं गोरंपान नव्हतं." मग कुठेतरी लांब बघत बोलायला लागली, जणू दुकानात कुणी नाहीच. "मी सहा वर्षांची होते. शिट्टीच्या बदल्यात भंगारवाल्याला देऊन टाकलं. बाबा संध्याकाळी आले, मी घाबरून दाराआड. ते एवढंच म्हणाले, 'शिट्टी चांगली वाजते का गं?' कधी रागावले नाहीत. रागावले असते तर विसरले असते मी. त्याआधी अक्रोड फोडायचे मी त्या पदकाने, तेव्हासुद्धा नाही. फटीत कड घालून वरून दगड हाणायचे. दोन खाचा पडल्या होत्या."

मामा उभा होता, तो खाली बसला.

"कुठे?" त्याने विचारलं. "खाचा कुठे होत्या?"

"घोड्याच्या मागच्या पायाखाली."

"शेजारी शेजारी?"

"हो. एक खोल, एक उथळ."

"पाच आणि सहाच्या मध्ये," मामा म्हणाला. त्याला गोल वस्तू घड्याळाशिवाय दुसरी कशी दिसणार? "आजी, त्या खाचांपायीच मी कड चाकावर धरली. खोलवाली जाईना, म्हणून धरूनच ठेवली. गेली तेव्हा काय आनंद झाला होता मला!"

चाळीस वर्षांत हे त्याने कुठल्याच टिपणात लिहिलं नव्हतं. पदकावर काय उरलंय ते त्याने शंभरदा लिहिलं. आपण काय काय पुसलं ते लिहायची लाज वाटली असणार. उत्तर पहिल्या दिवसापासून त्याच्याच हाताला माहीत होतं, आणि आम्ही जगभर पत्रं टाकत बसलो होतो. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

म्हातारी मात्र हसलीच. "आधी मी ठोकलं, मग तुम्ही घासलं. काय एकेक माणसं आली बाबांच्या वाट्याला!"

मामाने बारीक कोरणी काढली. मी चाचरत म्हटलं, "मामा, नवं नाव कोरणं म्हणजे चोरी, असं तूच…"

"ज्याचं त्याला देतोय. गप्प बस."

जुन्या अक्षरांची नक्कल मात्र त्याने केली नाही. स्वतःच्या साध्या वळणात कोरलं. नाव त्याला कितीतरी वर्षं पाठ होतं, तरी तो म्हणाला, "आजी, तुम्ही सांगा." ती एकेक अक्षर सावकाश सांगत गेली आणि तो चांदीत उतरवत गेला. एक अक्षर जरा वर गेलं.

तिने कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि पदक रुमालात बांधलं. दाराशी जाऊन थांबली.

"माझ्यामागे कुणी नाही हो. मी गेले की हे तुमच्याकडेच पाठवायला सांगून ठेवते. तेव्हा मात्र घासू नका."

मामाने मान हलवली.