हाडूक

राजुरीच्या शिवारात असं एकही कुत्रं नसेल, ज्याच्या घशात आमच्या हिच्या मामांनी निदान एकदा तरी हात घातलेला नाही. त्यातल्या बऱ्याच घशांत बॅटरीचा उजेड पाडणारा इसम मी होतो, हेही आधीच सांगून टाकतो. माझा स्वभावच असा आहे की शेजाऱ्याचं दूध उतू गेलं तरी मला अपराधी वाटतं. इथं तर प्रत्यक्ष हातभार होता.

मामांच्या मते जगात खोकला नावाचा आजारच नाही. जे खोकतं त्याच्या घशात हाडूक अडकलेलं असतं, बस्स. एकदा जुन्नरच्या पेठेत आम्ही कापड घ्यायला गेलो असताना दुकानातल्या शेठजींना ठसका लागला. मामा गल्ल्यापलीकडे गेले आणि त्यांच्या पाठीत असा रट्टा घातला की शेठजींचा चष्मा सतरंजीवर पडला. "मटान कवा खाल्लं व्हतं?" मामांनी विचारलं. "अहो, मी जैन आहे!" शेठजी कळवळले. मामा क्षणभर विचारात पडले. "मंग शेंगाचं टरफाल आसंल. आ करा." मी शेठजींची माफी मागितली, गरज नसलेले दोन टॉवेल घेतले आणि तरीही त्या दुकानासमोरून जाताना आजही मान खाली घालतो.

कुत्र्यांना मात्र पळायला वाव नव्हता. मामा कुत्र्याला दोन मांड्यांत धरत, जबडा उघडत, मला "पावणं, उजेड!" म्हणत आणि कोपरापर्यंत हात घालत. हाडूक कधीच सापडलं नाही. "खाली सराकलं," असं जाहीर करून ते कुत्र्याला अर्धं केळं चारत आणि हात धोतराला पुसून पुढच्या वस्तीवर जात. काही कुत्री केळ्यासाठी मुद्दाम खोकत असावीत असा माझा दाट संशय आहे.

यंदा थंडीत खालच्या वस्तीवरचं एक कुत्रं भोंगा वाजावा तसं खोकू लागलं. खोकायचं, ओकारी काढायचं, पांढरा फेस टाकायचं आणि पुन्हा शेपूट हलवायचं. मामांनी त्याचा घसा तपासला आणि मग गावावर संकट आलंय असं समजून धडधाकट कुत्र्यांचेही घसे तपासायला घेतले. "मामा, आमचं तर खोकत बी न्हाई," एक बाई म्हणाली. "आज न्हाई खोकत, म्हंजी हाडूक आजून वर आलं न्हाई!" मामा म्हणाले. चार-पाच दिवसांनी तिचं कुत्रं खोकू लागलं. मग शेजारचं. मग पलीकडचं. "बगा, म्हनलं व्हतं का न्हाई?" मामांची कीर्ती वाढत चालली, आणि मी बॅटरीत नवे सेल घातले.

मग सुभेदार खोकला.

सुभेदार म्हणजे मामांचा म्हातारा कुत्रा. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, म्हणून राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. बिबट्या गळा धरतो ना. सुभेदार त्या पट्ट्यावर आयुष्यभर जगला होता. पण आता पट्टा जरा घशाला लागला की त्याला खोकल्याची अशी उबळ यायची की तो आडवाच व्हायचा. पट्टा घालावा तर खोकून मरेल, काढावा तर बिबट्या नेईल. मामांनी हात घातला, केळं दिलं, पुन्हा हात घातला. सुभेदारानं केळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मामा पहिल्यांदा घाबरले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "मामा, हाडूकबिडूक काही नाही. विषाणू आहे. अडेनो म्हणतात त्याला, जोडीला आणखी एखादा जंतू असेल. लस दिलेली नाही ना? बहुतेक कुत्री आपोआप बरी होतात, पण हा म्हातारा आहे, छातीत उतरला तर अवघड."

"पन आला कुटून ह्यो?"

"एकाकडून दुसऱ्याकडे. श्वासातून, भांड्यातून, हातातून. कोणी एका कुत्र्याच्या तोंडात हात घालून तसाच दुसऱ्याच्या तोंडात घातला, तर मग विचारायलाच नको."

मामी माझ्याकडे बघत होत्या. मी हातातली बॅटरी पाठीमागे लपवली.

सुभेदार त्या दिवसापासून घरात आला. डॉक्टरीणबाईंनी औषधाबरोबर वाफ द्यायला सांगितली होती, म्हणून मामा न्हाणीचं दार लावून, कढत पाण्याच्या बादल्यांशेजारी त्याला मांडीवर घेऊन बसत आणि भजन म्हणत. दोघे लाल होऊन बाहेर येत. "लगीन झाल्यापास्नं मला कदी वाफ दिली न्हाई," मामी दाराबाहेरून म्हणायच्या आणि पुढची बादली तापत ठेवायच्या. एका सकाळी सुभेदारानं मामींची भाकरी पळवली. मामींनी त्याला शिव्या घातल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

बाकीची कुत्रीही बरी झाली. मामा घरोघर फिरून लस टोचून घ्यायला सांगून आले. पण आता एकाही कुत्र्याला, बऱ्या झालेल्या सुभेदारालासुद्धा, त्यांनी हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. कुत्री केळ्याच्या आशेनं जबडे उघडून समोर बसायची, आणि मामा आभाळाकडे बघायचे. "मामा, आता हात धुऊन लावा की खुशाल," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तरी नाही.

परवा गेलो तेव्हा मामा अंगणात तसेच उभे होते. खिळ्यांचा पट्टा खुंटीला टांगलेला. सुभेदार आता घरातच झोपतो. तो हळूहळू उठला, मामांच्या मागे गेला आणि त्या बांधलेल्या हातांत त्यानं आपलं ओलं नाक खुपसलं. मामा वळले नाहीत. हात मात्र उघडले.

"पावणं," ते म्हणाले, "जरा साबन आना."