आक्कांच्या माशांचं पाणी

ये गं, बस अशी जवळ. लिहिताना तू समोर आहेस असंच धरते. फोनवर ‘येते, येते’ म्हणून किती झुलवशील आईला? सांगली काही परमुलखात नाही. सकाळच्या एसटीत बसलीस तर दुपारच्या भाकरीला औंधात असतेस. तेराव्यानंतर तू एकदाही आली नाहीस. का येत नाहीस ते कळतं, म्हणून जास्त बोलत नाही. पण ऐकून तरी घे.

ती काचेची टाकी तूच आणलीस, तुझ्या थोरल्या आईसाठी. माझ्या जाऊबाई त्या, मी त्यांना आक्का म्हणायची. त्यांना मूल नव्हतं, त्यांनी तुलाच मांडीवर वाढवलं. तू लग्न होऊन गेलीस आणि घरात उरलो आम्ही दोघी, कपाळं पांढरी झालेल्या. आक्का संध्याकाळी उंबऱ्यात बसून नुसत्या रस्त्याकडं बघायच्या. ते बघून तू निळ्या रेघेचे बारके मासे पिशवीत घालून, सांगलीपासून मांडीवर धरून आणलेस.

गाव हसलं. शेजारचा तो बिनलग्नाचा पोरगा रोज विचारायचा, “आक्का, कालवण कवा?”

“तुज्या लग्नात,” आक्का म्हणायच्या. त्याचं लग्न काही जमत नव्हतं.

आपल्या बोअरचं पाणी तुला ठाऊकच आहे. हंड्याला पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही. महिन्याभरातच दोन मासे उलटे होऊन तरंगले. तू सांगलीच्या दुकानात विचारलंस, दुकानदार म्हणाला ह्या माशांना मऊ पाणी लागतं, पावसाचं धरून बघा. झालं, आक्कांनी पदर खोचला.

आक्कांचं माहेर माणदेशात, मेंढरांमागं फिरणारं. हात धुतलेलं पाणीसुद्धा झाडालाच जायचं त्यांचं. पण पाऊस लागला की ह्याच बाई पन्हळीचा पाइप पिंपापासून लांब, लिंबोणीच्या आळ्यात धरून उभ्या राहायच्या. माझा जीव वरखाली व्हायचा. मी म्हणायची, वाया चाललंय आक्का.

“थांब. आदी पत्र्याला आंगूळ करू दे.”

पत्र्यावरची धूळ, पाखरांची घाण सगळी लिंबोणीला जायची. पाणी नितळ दिसायला लागलं की पाइप पिंपाकडं. ते काम एकटीचं नव्हे. त्या पाइप धरायच्या आणि मी पिंपाच्या तोंडावर मामंजींच्या जुन्या धोतराचं चार पदरी फडकं ताणून धरायची. भिजायचो दोघी, भांडायचो दोघी. मग ते पाणी धुतलेल्या वाळूतून आणि बाभळीच्या कोळशातून गाळायचं, रात्रभर पंपाचे बुडबुडे सोडायचे. नुसतं पावसाचंही माशांना मानवत नाही, म्हणून त्यात थोडं बोअरचं मिसळायचं. गेल्या परतीच्या पावसात परसातली दोन्ही निळी पिंपं काठोकाठ भरली होती. आक्का येता-जाता झाकण उचलून बघायच्या, दूध तापलं का बघावं तसं.

माघात आक्का गेल्या. सकाळी चहा घेतला, माशांना खाऊ टाकला, जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. पुढचं तुला माहीत नाही. तू आतल्या खोलीत पडली होतीस, तुला शुद्ध नव्हती.

मयत घरातनं निघालं की घरातलं साठवणीचं पाणी ओतून द्यायचं, ही आपली रीत. भावकीतल्या बायकांनी हंडे ओतले, घागरी ओतल्या. मी भिंतीला टेकून बसले होते. आणि परसातनं आवाज आला. आपल्या मुलखात एवढं पाणी एकदम पडल्याचा आवाज कधी ऐकायला मिळतो का गं? मला वाटलं पाऊसच आला. मग कळलं, पिंपं आडवी केली. आक्कांच्या हातचं सगळं पाणी आळ्याच्या बाहेरून गटारीकडं गेलं. त्यांचंही काही चुकलं नाही, त्यांना काय माहीत.

मग भावकीतली एक सून बादली घेऊन टाकीपाशी आली. ह्येबी वतायचं का, तिनं विचारलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेव्हा चुलत सासूबाई, त्या कमरेत वाकलेल्या, काठी टेकत आल्या. काचेपाशी तोंड नेऊन बघत राहिल्या.

“ठेव ती बादली,” त्या म्हणाल्या. “जीव हाय तितं. त्ये साठवणीचं न्हवं.”

तोवर मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

पण पुढचा उन्हाळा कसा काढायचा? टाकी रोज बोटभर उतरायची. बोअरचं पाणी उकळून, गार करून, गाळून घातलं. काचेवर पांढरी रेघ धरली. एकेक मासा सुस्त व्हायचा, कोपऱ्यात जाऊन थांबायचा. मी त्यांना लिंबोणीच्या बुडाशी पुरत गेले. फोनवर तुला सांगितलं तर म्हणालीस, आई, मी दुसरे आणून देते. दुसरे कशाला गं? त्यांनी आक्कांच्या हातचं खाल्लेलं नाही.

आता एकच राहिलाय, शेपूट तुटलेला. आक्का त्याला म्हातारी म्हणायच्या. सकाळी खाऊ टाकायला गेले की अजून वर येतो.

परवा पाऊस लागला. मी धावत गेले, पाइप लिंबोणीकडं धरला. पिंपाकडं वळवायला हात शिवशिवत होता, तरी धरला. पत्र्याची आंघोळ होऊ दिली. पाणी नितळ झालं, पाइप पिंपाकडं वळवला, तर फडकं कोण धरणार? एका हातानं ताणलं की दुसरीकडून निसटायचं. दोनदा आत पडलं. पाऊस उघडला तेव्हा पिंपाच्या तळाला घागरभर पाणी, तेही गढूळ. मी तिथंच दगडावर बसून राहिले, ओली.

गाळून गाळून त्यातलं अर्धं कामी आलं. म्हातारीचे थोडे दिवस निघतील. परतीचा पाऊस अजून यायचा आहे, पण त्याची वाट बघू नकोस. टाकी रिकामी बघवणार नाही म्हणून तू येत नाहीस ना? अजून रिकामी नाही गं. आत्ता आलीस तर रिकामी बघावी लागणार नाही.

ये लवकर. पाइप मी धरीन, फडकं तू धर.