सईची झोप आणि धनुष्याची दोरी

हे सगळं सुरू झालं दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. इतकं नेमकं सांगता येतं, कारण घड्याळ पाळण्याच्या बरोबर वर आहे आणि त्या दिवसांत मी घड्याळाकडेच बघत बसायचे. सई आत्ता झोपली, किती झोपेल, आता उठेल का. दोन दहाला मागच्या बाजूने आवाज आला, टण्ण. सईने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हे मीच केलंय असं समजून रडायला लागली.

आमच्याकडचे किस्से पिळून ठेवलेल्या कपड्यांसारखे साठतात. बादली भरलेली असते, वाळत घालायला हात रिकामा नसतो. आज सासूबाई सईला घेऊन बसल्यात, तेवढ्यात एकेक झटकून घालते.

आधी माणसं सांगते. आम्ही झाशीत लक्ष्मी गेटजवळ राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे जुना परकोटा, म्हणजे शहराचा तट. आमचे हे बिजौलीच्या एका कारखान्यात मशीनवर असतात, संध्याकाळच्या पाळीला. यांना धनुष्यबाणाचा नाद. साधं लाकडी धनुष्य, त्याला ना दुर्बीण ना चाकं. कामाला निघायच्या आधी तासभर परकोट्याला टेकवलेल्या पोत्यांवर बाण मारायचे. सोबत दोघे. एक रघुवीरभैया, यांच्याच कारखान्यातले, पक्के बुंदेली. दुसरे देशपांडेकाका, नागपूरचे इंजिनिअर. मोठ्या सरकारी कंपनीत बदलीवर आले आणि रिटायर होऊन इथेच राहिले.

सई तेव्हा सहा महिन्यांची होती. दर सोमवारी दवाखान्यात वजन करायचं, आणि दोन सोमवार काटा जागचा हलला नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दूध तो पी रही है, पर सोती नहीं. दोपहर की नींद पूरी होने दो. नहीं बढ़ा तो मेडिकल कॉलेज भेजूँगी, जाँचें करवानी पड़ेंगी." 

घरी येऊन यांना म्हटलं, "ते धनुष्य बंद करा."

"करतो," म्हणाले. धनुष्य खुंटीला लावलं आणि कामाला जायची वेळ होईपर्यंत खुंटीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पाळीभर मशीनचा खडखडाट ऐकणाऱ्या माणसाचं एवढं एकच सुख. शेवटी मीच म्हटलं, "चालवा. पण आवाज नको."

आवाज नको म्हणजे नक्की काय करायचं, यासाठी मग अंगणात तिघांची सभा बसली.

*

पहिला उपाय रघुवीरभैयांचा. "भौजी, डोरी पतली है, जेई सें टन्नात है. तनक मोटी लगा लो, आवाज दब जैहै."

मुळातली दोरी चौदा पदरांची होती. नवी केली ती वासराला बांधायच्या दाव्यासारखी. बाणाच्या मागची खाच तिच्यावर बसेना, म्हणून माझ्या नेलकटरने खाच कोरून मोठी केली. नेलकटर गेलं ते गेलंच.

पहिला बाण सुटला आणि नेमकं तेव्हाच एक कबूतर येऊन पोत्यावर बसलं. त्याने बाण येताना पाहिला, उडालं, एक फेरी मारली. बाण पोत्याच्या अलीकडे जमिनीवर पडला. कबूतर परत येऊन बसलं.

देशपांडेकाका म्हणाले, "आजारी असतं तरी वाचलं असतं."

आणि आवाज? टण्णच्या जागी धप्प. टण्णला सई नुसती रडायची, धप्पला दचकून रडायची.

*

मग काकांनी कुठेतरी वाचलं, की दोरीला लोकरीचे गोंडे बांधले तर ते आवाज गिळतात. आमच्या घरात लोकर म्हणजे सासूबाईंनी विणलेली सईची लाल टोपी. तिला दोन बाजूंना दोन गोंडे. मी न्हाणीत होते. बाहेर आले तेव्हा गोंडे दोरीवर होते.

सासूबाई मागच्या दारात आल्या, धनुष्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घोडी तर सजली. नवरदेव कुठाय?"

आवाज थोडा कमी झाला, हे मान्य करायला हवं. पण सोमवारी तीच टोपी घालून सईला नेलं. दोन्ही बाजूंना नुसती सुतं लोंबत होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "टोपी किसने कुतर दी?"

"चूहे ने," मी म्हटलं.

घरी हे सांगितलं तेव्हा चूहा मान खाली घालून वरणभात जेवत होता.

वजन मात्र तेवढंच होतं. बाई म्हणाल्या, "एक हफ़्ता और देखते हैं. बस एक." येताना रिक्षात मी सईचं मनगट माझ्या बोटांनी मापत होते. घरी येईपर्यंत कितीदा मापलं ते विचारू नका.

*

आता एकच आठवडा उरला हे कळल्यावर काका गंभीर झाले. म्हणाले, "आपलं उलटं चाललंय. दोरी जाड केली की धनुष्याचा जोर ती दोरी उचलण्यातच जातो. बाणाला उरतं काय? आणि न वापरलेला जोर आवाज करतो. दोरी बारीक हवी. मोजून दाखवतो."

त्यांच्या फोनमध्ये आवाज मोजायचं काहीतरी आहे. फोन माझ्या खिडकीत ठेवला. सई आत झोपलेली. यांनी बाण लावला. रघुवीरभैया खोकले. काका वळले आणि ओरडले, "शांऽऽत!"

सई उठली.

काकांनी चष्मा लावून फोन बघितला. माणूस प्रामाणिक. म्हणाले, "आतापर्यंत पहिला नंबर माझा आहे."

*

बारीक म्हटल्यावर रघुवीरभैयांना धीर कुठला. "पतली तौ फिर एकदम पतली." चारच पदरांची दोरी केली, पतंगाच्या मांज्यासारखी. पहिला बाण असा गेला की पोत्यात घुसलेलाच दिसला, जाताना दिसला नाही. तिघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, पण तोंडं बंद ठेवून. तेवढं शिकले होते.

दुसऱ्यांदा ओढली आणि दोरी तुटली. फटाका फुटावा तसा आवाज. यांच्या हातावर लाल वळ उठला. धनुष्याच्या टोकाला, जिथे दोरी अडकवतात तिथे, बारीक दोरीने लाकूड कापल्याची रेघ पडली होती. पण वळाकडे कुणी बघेना की रेघेकडे. तिघंही माझ्या खिडकीकडे बघत उभे राहिले, आता रडणार म्हणून.

रडण्याचा आवाजच आला नाही.

 एवढ्या आवाजाने उठली नाही म्हणजे काय? स्वयंपाकघरातून धावत आले, वाकून तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. छान झोपली होती. माझं बोट गार होतं, ओलं होतं, त्याने ती उठली.

खिडकीतून हे म्हणाले, "आवाज झाला का?"

मी खिडकी लावून घेतली.

*

मग दोरी सासूबाईंच्या हातात गेली. आमच्याकडे श्रावणात पोवती करतात, सुताचे पदर एकमेकांवर उलटसुलट पिळून केलेले दोरे. देवाला वाहायचे, मग हातात बांधायचे. सासूबाई दर वर्षी करतात. काकांनी त्यांना सांगितलं, "वहिनी, मधली दोरी आठच पदरांची हवी, हलकी. पण दोन्ही टोकांच्या कड्यांमध्ये जास्तीचे पदर घाला, म्हणजे लाकूड कापणार नाही. आणि बाण बसतो तिथे वरून दोरा गुंडाळा, म्हणजे खाच घट्ट बसेल."

"म्हणजे पोवतंच की," सासूबाई म्हणाल्या. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि सईला झोका देत देत दोरी पिळली. मी दुसरं टोक धरून बसले होते. बसल्या बसल्या मला डुलकी लागली. दोनदा रागावल्या, तिसऱ्यांदा टोक स्वतःच दाताखाली धरलं.

झाल्यावर देवापुढे ठेवली आणि पोवत्याला लावतात तशी हळद लावली. काका "अहो, मेण लावायचं असतं" म्हणेपर्यंत लावून झाली होती.

बाण ओढताना दोरी नाकाला आणि हनुवटीला टेकते. हे आणि रघुवीरभैया, दोघंही नाकापासून हनुवटीपर्यंत पिवळी रेघ घेऊन कामावर गेले. तिथे कुणी विचारलं, "काए, कौन की हल्दी हती?"

रघुवीरभैया म्हणाले, "हमाई. दूसरी बेर."

दुसऱ्या लग्नाची ही बातमी त्यांच्या घरी त्यांच्या आधी पोचली.

*

दोरी आली तरी काम संपलं नव्हतं. काका म्हणाले, दोरीला जितका पीळ देऊ तितकी ती आखडते आणि धनुष्याच्या मुठीपासून लांब जाते. कुठल्यातरी एका जागी आवाज सगळ्यात कमी असतो, ती जागा शोधायची. कान माझे. मी पाळण्याजवळ बसून खिडकीतून हात दाखवायचा. आवाज आला तर हात वर, नाही आला तर खाली.

बाण सुटला, हात वर. दोरी काढली, थोडा पीळ दिला, परत चढवली. बाण सुटला, हात वर. परत काढली. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवत होत्या त्या चाचींनी संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, "आपकी बहू सारी दोपहर आदमी को हाथ दिखाती रही."

सासूबाई म्हणाल्या, "दिखाने दो. शादी के बाद पहली बार सुन रहा है."

कितव्या बाणाला कोण जाणे, मला पोत्यात बाण घुसलेला दिसला आणि त्याच्या आधी काहीच ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, मी पेंगत होते. हातानेच खूण केली, अजून एक. तो गेला. फक्त पलीकडे पोत्याचा आवाज, कुणी उशी ठेवावी तसा. सईची पापणीही हलली नाही. मी हात वर केला नाही. हे तिकडून बघत होते, मी इकडून. मग भिंतीला डोकं टेकलं. जाग आली तेव्हा हे कामाला निघून गेले होते आणि सई अजून झोपलेलीच होती.

*

सोमवारी वजनाच्या रांगेत बसलो. सईला काट्यावर ठेवलं. मी डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अरे वाह, बढ़ गया." मी डोळे उघडून स्वतः पाहिलं. मग बाईंना म्हटलं, एकदा परत ठेवा. त्यांनी परत ठेवलं. तेवढंच आलं.

"क्या बदला?" त्यांनी विचारलं. "दूध? दवाई?"

"डोरी," मी म्हटलं. "इनके धनुष की. चौदह धागे की थी, अब आठ की है. किनारों पर मोटी रखी है."

बाईंनी काटा एकदा हाताने दाबून पाहिला. मग कार्डावर खूण केली आणि म्हणाल्या, "ठीक है. यही चालू रखिए."

माझ्या मागे एक बाई होती, बरुआसागरहून बसने आलेली. कडेवर सईएवढाच बारका मुलगा, डोळे तारवटलेले, त्याचेही आणि तिचेही. तिने सगळं ऐकलं होतं. मी बाहेर निघाले तशी तिने माझ्या पदराला धरलं.

"दीदी," ती हळूच म्हणाली, "हमारे वो बैंड में ढोल बजाते हैं. उसके लिए कौन सी डोरी आती है?"

 तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल, किंवा तुमच्या ओळखीत कुणी ढोल वाजवणारं असेल, तर एवढं विचारून तिला कळवा. सोमवारी सकाळी ती तिथेच, वजनाच्या रांगेत असते.