गणिताची घासाघीस

माझ्या मुलीला अकरावीला गणित मिळू नये म्हणून अख्ख्या पुण्यात एकाच माणसाने मनापासून प्रयत्न केले. तो माणूस मी.

हडपसरला माझं जुन्या ऑफिस-खुर्च्यांचं दुकान आहे. हिंजवडीत एखादी कंपनी गाशा गुंडाळते, तिच्या खुर्च्या मी उचलतो आणि नव्याने गाशा पसरणाऱ्या कंपनीला विकतो. (एकदा तर त्याच साहेबाला विकल्या. त्याला खुर्ची ओळखीची वाटली, मी गप्प बसलो.) वर्ध्याहून एका पिशवीनिशी आलो तेव्हापासून या धंद्याने मला एकच मंत्र शिकवला: जे हवंय ते नको म्हणायचं. खुर्ची आवडली की तिच्या चाकांना नावं ठेवायची, "राहू द्या" म्हणायचं आणि दाराकडे निघायचं. सातव्या पावलाला हाक येते. आठवं पाऊल मी फारसं टाकलेलं नाही.

माझ्या मुलीला, मुक्ताला, पुढे विद्यापीठात अकाउंटिंग आणि फायनान्स शिकायचं आहे. तिने हेरून ठेवलेल्या कोर्सला बारावीपर्यंत गणित लागतं. कॉमर्सला मात्र ते सक्तीचं नाही. गणित घ्या, नाहीतर एसपी, म्हणजे कंपनीच्या सेक्रेटरीने पत्रव्यवहार कसा करायचा तो विषय. कर्वेनगरच्या ज्या कॉलेजात तिचा नंबर लागला तिथे गणिताची एकच तुकडी, आणि जागा मोजक्या. प्रवेशाच्या दिवशी तिने मला गाडीतच बजावलं, "बाबा, तुम्ही फक्त सही करायची. बोलायचं मी."

नेमकी ती दाखल्याची झेरॉक्स काढायला गेली आणि आमचा नंबर आला.

खिडकीत एक मॅडम बसल्या होत्या. (खुर्ची डावीकडे कललेली, पाठ सैल. मी तिथेच तिची किंमत केली होती.) त्यांनी मान वर न करता विचारलं, "गणित की एसपी?"

आता तुम्हीच सांगा, माल मोजका, गिऱ्हाईक रांगेत, अशा वेळी पहिल्याच वाक्यात "गणित" म्हणणारा माणूस धंद्यात टिकेल का? लगेच अटी सुरू होणार. चाचणी द्या, हमीपत्र आणा, अमुक करा. मी खिशात हात घातले आणि पंख्याकडे पाहिलं.

"गणिताची तशी गरज नाही हो आम्हाला. एसपीच बरं. पण तुमच्याकडे गणिताच्या जागा पडून असतील, तर बघू."

"पडून नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारला. "एसपी. पुढचे या."

पार्टी कसलेली आहे, मी मनात म्हटलं. "राहू द्या मग," म्हणत पावती उचलली आणि गेटकडे निघालो. सावकाश. सातवं पाऊल झालं. चौदाव्याला मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. (पायात चपला होत्या.) शेवटी गेटवर हाक आली, पण ती वॉचमनची. गाडी काढताय की नुसतेच उभे आहात, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

तीस वर्षांच्या धंद्यात मी असा कोरडा गेट गाठला नव्हता. त्या हाकेचा हिशोब माझ्या मनात अजून बाकी आहे.

तेवढ्यात मुक्ता झेरॉक्स घेऊन आली. पावती वाचली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तुम्ही खुर्च्या घ्यायला आला होतात का?"

आम्ही परत खिडकीवर. मी मॅडमना समजावलं की मी एसपी म्हणालो होतो खरा, पण मला तसं म्हणायचं नव्हतं.

"इथे बोललेलं लिहितात," मॅडम म्हणाल्या. "मनातलं लिहायची सोय नाही."

माझं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की मी शेवटचा पत्ता टाकतो. "मग प्रवेशच रद्द करा. कॉलेजं काय, छप्पन्न पडली आहेत!"

(या वाक्यानंतर हिंजवडीत मालक स्वतः चहा घेऊन बाहेर येतो.)

मॅडमनी खालचा खण उघडून छापील फॉर्म काढला. "दोन प्रती भरा. एकदा रद्द केला की परत मिळत नाही. पेन आहे का?"

सांगायला लाज वाटते, पण मी पेन काढलं. टाकलेला पत्ता मागे घेणं माझ्या स्वभावात नाही. मुक्ताने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि विषय बदलायला काय करावं लागेल, असं शांतपणे विचारलं. मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. कारण देऊन लेखी अर्ज करायचा, गणिताच्या सरांची चाचणी द्यायची, आणि शनिवारपर्यंत एखादी जागा रिकामी झाली, तरच. म्हणजे ज्या अटी टाळायला मी एवढं नाटक केलं त्या सगळ्या, वर एक 'तरच'.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि मला ताट वाढता वाढता म्हणाली, "अहो, मला बघायला आलात तेव्हाही 'मुलगी बरी आहे, पण आम्हाला घाई नाही' म्हणून उठलात. आमच्या अण्णांनी 'बरं' म्हणून दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी मामांना पाठवलंत विनवण्या करायला."

(तिसऱ्याच दिवशी. पण दुरुस्ती करायची ती वेळ नव्हती.)

शनिवारपर्यंत मुक्ता गणितं सोडवत होती आणि मला फोनला हात लावायला बंदी होती. कोणाशी बोलून मी काही 'जमवू' नये म्हणून. तिने चाचणी दिली, सरांनी हो म्हटलं, आणि गणिताच्या तुकडीतला एक मुलगा सायन्सला गेला. जागा मिळाली! आम्ही पुन्हा त्याच खिडकीवर, राहिली फक्त अर्जावर माझी सही. 'विषय बदलण्याचे कारण' या रकान्यात मुक्ताच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'माझे वडील जुन्या खुर्च्यांचे व्यापारी आहेत. हवी असलेली वस्तू नको म्हणण्याची त्यांना सवय आहे.' खाली छापलेलं: 'वरील कारण खरे आहे. पालकांची सही.'

"इथे नुसतं 'गैरसमजामुळे' असं लिहिलं तर?" मी हळूच सुचवलं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा, समोरच्याने सांगितलेल्या भावात. आणि गेटकडे भरभर निघालो, आता कोणी हाक मारू नये म्हणून.

सातव्या पावलाला हाक आली.

"अहो, खुर्चीवाले!"

मी खिडकीशी परत गेलो. मॅडम म्हणाल्या, ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या बदलायच्या आहेत, चाळीसेक असतील, तुम्हाला हे काम हवंय का?

चाळीस! मनात मी टेम्पोसुद्धा ठरवून टाकला. मुक्ता माझी बाही ओढत होती. पण तोवर माझे हात खिशात गेले होते आणि नजर पंख्याकडे.

"तशी गरज नाही हो आम्हाला," मी म्हणालो.

"बरं," म्हणून मॅडमनी खिडकी लावून घेतली.